तिसऱ्या भागात दाजी

तो फोटो आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला तेव्हा मी दुकानात एका लग्नाचा व्हिडिओ जोडत बसलो होतो. फोटोत पाहण्यासारखं फार नव्हतं. एक अंधारी खोली, कॉम्प्युटरचे दोन पडदे आणि त्यांवर रंगीत पट्ट्यांची लांबच लांब रांग. आमच्या भागात शूटिंग झालेल्या सिनेमाच्या युनिटमधल्या कुणीतरी तो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘पुन्हा त्याच गावात.’ आमच्यातल्या एकाने तो उचलून ग्रुपवर आणला आणि विचारलं, "भाऊ, हे काय असंल?"

भाऊ म्हणजे मी. हिंगोलीकडच्या गोरेगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे व्हिडिओ मीच काढतो आणि मीच एडिट करतो, त्यामुळे सिनेमातलं मला कळतं असा ग्रुपमधल्या सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, "हे दोन तासांचं काम न्हाई. पट्टीची लांबी बघा. मधी मधी जागा सोडली हाय, म्हणजे भाग पाडून राहिलेत. सिनेमाची मालिका होऊन राहिली. टीव्हीवर येणार." लिहिताना मला कुठेही अडखळल्यासारखं झालं नाही. पट्टीची लांबी खरी होती, मधल्या जागा खऱ्या होत्या. बाकीचं माझ्या मनातलं होतं, पण ते वेगळं करून सांगावं असं तेव्हा वाटलं नाही.

सिनेमाबद्दल थोडं सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी, शेतात तूर उभी असताना, जवळच्याच साखरा गावच्या शिवारात महिनाभर शूटिंग चाललं होतं. बाप मेल्यावर दोन भावांची वाटणी होते आणि बांधावरून भांडण पेटतं, अशी गोष्ट. मोठी कामं बाहेरच्या नटांनी केली. बाजारातली, लग्नातली आणि पंचायतीतली गर्दी आमची. ती गर्दी गोळा करायचं काम माझ्याकडे होतं, ग्रुपही त्यासाठीच काढलेला. सिनेमा टॉकीजात आला आणि गेला, पण पुढे मोबाइलवर आल्यावर लोकांनी तो डोक्यावर घेतला. आमच्याकडे तर तो सिनेमा राहिलाच नाही, आमचाच एक अल्बम झाला. बाजाराच्या सीनमध्ये केळीच्या गाड्यामागे जी टोपी दिसते ती कुणाची, यावर ग्रुपमध्ये दोन माणसं आठ दिवस एकमेकांशी बोलली नव्हती.

त्यामुळे मालिकेची बातमी म्हणजे आग लागल्यासारखंच झालं. किती भाग असतील, कोणत्या चॅनेलवर येईल, थोरल्या भावाची बायको माहेरी का गेली ते आता तरी कळेल का. सगळे अंदाज लावत होते आणि शेवटी मला विचारत होते.

"भाऊ, बाजारातली मारामारी पुरी दाखवतील का?"

"पुरी दाखवतील."

"अन् माझी म्हैस? तिचा सीन कापला होता त्यायनं."

"म्हैस बी येईल."

"मग धुऊन ठेवतो तिला. पाहायला पाव्हणे येतील."

मी हे इतक्या खात्रीने का सांगत होतो त्याला कारण होतं. आमच्या धंद्यात माणूस कापता येत नाही. लग्नाच्या व्हिडिओत ज्याने ज्याने आहेर केला, तो प्रत्येक जण दिसलाच पाहिजे. धंद्यात नवा होतो तेव्हा एका नवरीची आत्या माझ्याकडून कापली गेली होती. कंटाळवाणा भाग आहे म्हणून आहेराचा थोडा तुकडा काढला होता, त्यात ती गेली. नवरीचा बाप सीडी घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "माझी बहीण लग्नाला आली नव्हती का?" मी पुन्हा सगळं जोडून दिलं. तेव्हापासून मी काहीच फेकत नाही आणि कुणालाच कापत नाही. सिनेमावाले वेळ पुरला नाही म्हणून कापतात, वेळ मिळाला की जोडून देत असतील, असं मी धरून चाललो. दुसरी काही रीत असू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

अशा गप्पा चालू असताना ग्रुपवर दाजींचा मेसेज आला. फक्त दोन शब्द होते. "अन् तिरडी?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. साखऱ्याला राहतात. थोडी शेती आहे आणि वय होईपर्यंत त्यांनी गोरेगाव-सेनगाव जीप चालवली. आवाज असा की फाट्यावर उभ्या माणसाला तो जीपच्या आधी ऐकू यायचा. शूटिंगच्या वेळी त्यांना बोलायचं काम हवं होतं. मी दिग्दर्शकाला सांगूनही पाहिलं, पण त्याला बोलणारा माणूस नको होता. त्याला मेलेला हवा होता. दोन भावांचा बाप, ज्याची अंत्ययात्रा सिनेमाच्या सुरुवातीलाच निघते. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे दाजी त्याने पाहिले आणि तो म्हणाला, हेच.

आक्का, म्हणजे माझी बहीण, नाहीच म्हणत होती. जित्या माणसाला तिरडीवर बांधतात का, असं तिचं म्हणणं. दाजींनी तिला हसण्यावारी नेलं. "खोटं मरण दाखवलं की आयुष्य वाढतं. तुझ्याच मायनं तुझ्या मामाच्या मरणाची खोटी बातमी धाडली न्हवती का, त्यायनं कावळ्यायचा संग पाहिला तवा, अपशकुन टळावा म्हणून? मामा नंतर कितीक साल जगला." आक्काने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तासाभराचं काम हाय आक्का." मीच त्यांना तयार केलं होतं.

तो सीन मी बाजूला उभा राहून पाहिला. दाजी तिरडीवर निजले. नाकावर माशी बसली तरी हलले नाहीत. बायको झालेल्या नटीने त्यांच्या अंगावर पडून बांगड्या फोडल्या तरी हलले नाहीत. कट झाल्यावर दिग्दर्शक टाळ्या वाजवत आला. आक्काने मात्र त्यांना तसंच घरात येऊ दिलं नाही. बाहेरच आंघोळ घातली, उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग आत घेतलं.

सिनेमा लागला तेव्हा दाजींनी जीपभर माणसं हिंगोलीला नेली. सिनेमा सुरू झाला तो थेट वाटणीपासून. बाप आधीच मेलेला, नुसता बोलण्यात. शेवटपर्यंत वाट पाहिली, तिरडी आलीच नाही. परत येताना मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "दाजी, मेलात अन् वाया गेलात." सगळे हसले. दाजी गाडी चालवत राहिले. आक्काने दुसऱ्या दिवशी मारुतीला नारळ फोडला.

आता त्यांचा मेसेज आला होता आणि ग्रुप माझ्या उत्तराची वाट पाहत होता. मी लिहिलं, "तिरडी येणारच. सुरुवातीला न्हाई, तिसऱ्या भागात. थोरल्या भावाच्या आठवणीत." असं का? कारण मी केलं असतं तर तसंच केलं असतं. "कधी?" असं कुणीतरी विचारलं, तर मी दसरा म्हणालो. सणाला नव्या मालिका लागतात, एवढाच हिशोब.

दाजींनी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

त्यांना तेव्हा बरं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ताप येऊन जाऊन होता, खोकला होता, चालताना दम लागत होता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी फुप्फुसाभोवती पाणी झालंय म्हणून सुईने थोडं काढलं होतं आणि सांगितलं होतं की नांदेडला जा, नळी घालावी लागेल, काही दिवस राहावं लागेल, उशीर करू नका. ते जातीलच असं मी धरलं होतं. आमचं फोनवर रोज बोलणं व्हायचं, पण दवाखान्यावर नाही. बोलणं व्हायचं ते भाग किती मिनिटांचा असेल आणि बांगड्या फोडताना त्यांचा चेहरा दिसेल का, यावर. त्यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत होता. तरी ते हसत होते आणि मला बरं वाटत होतं. आजारी माणसाला आपण आनंद देतोय असं मला वाटत होतं.

मग एका बाजारच्या दिवशी आक्का जीपने गोरेगावला आली आणि थेट दुकानात शिरली. एक माणूस पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर बसला होता. ती दारातच थांबली, तो जाईपर्यंत. बस म्हटलं तर बसली नाही.

"तुझ्या दाजीला नांदेडला जायला सांगितलं, ठाऊक हाय का तुला?"

"व्हय."

"मग ते काहून जाऊन न्हाई राहिले, हे ठाऊक हाय का?"

मी म्हणालो, "भेत असतील. त्यायचा भाऊ नांदेडच्या दवाखान्यातून जिता परत आला न्हाई ना."

"ते तर हायच. तिथून मी बी परत येतो का न्हाई म्हणतात. म्हणून आधी पाहून घेतो म्हणतात. दसऱ्याला तुझी ती मालिका येऊन राहिली म्हणं. तिसऱ्या भागात त्यायची तिरडी हाय म्हणं. ते पाहतो अन् मग जातो. मी रडले, पाया पडले. ऐकत न्हाईत."

"आक्का, मी अंदाज सांगितला होता."

"त्यायनं अंदाज न्हाई ऐकला. मेव्हण्यानं सांगितलं, एवढंच ऐकलं." ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "मला तर ती तिरडी डोळ्यांनी पाहवत न्हाई. देवानं कापली म्हणून मी नारळ फोडला होता. पण आता असं झालंय, की येत असंल तर आजच येऊ दे म्हणते मी. आज दाखवा अन् उद्या गाडीत घाला. येऊन राहिली का आज?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "रात्री उताणं निजता येत न्हाई त्यायला. बसून निजतात," आणि निघून गेली. तिने चहाही घेतला नाही. परतीच्या जीपपर्यंत मी तिच्या मागे गेलो नाही, कारण रस्त्यात काय बोलावं हे मला सुचलं नसतं.

त्याच दुपारी मी युनिटमधल्या एका माणसाला फोन लावला. शूटिंगच्या वेळी तो दिग्दर्शकाचा सहायक होता, आमच्याच घरी जेवायचा. इतके दिवस मी त्याला का विचारलं नव्हतं? विचारलं असतं तर तो जे सांगेल त्यापुढे मला काही बोलता आलं नसतं. ग्रुपमध्ये सगळे मला विचारत होते, ते मला आवडत होतं. हे लिहायला जड जातं, पण खरं तेच आहे.

तो म्हणाला, "हो दादा, मालिका होतेय. पण कधी येईल ते आम्हालाही माहीत नाही. चॅनेलचं अजून ठरलेलं नाही."

"दसऱ्याला न्हाई?"

"दसऱ्याला? कुणी सांगितलं?"

मी तिरडीचं विचारलं. तो सीन मालिकेत नव्हता. दिग्दर्शकाला तो नकोच होता, गोष्ट वाटणीपासूनच सुरू व्हायला हवी होती.

"पण कापलेलं सगळं परत घालतील ना?"

"सगळं? नाही हो. उलट सिनेमातलंही काही काढलंय. तुमच्या बाजारातली निम्मी गर्दी गेली. गोष्ट आता थोरल्या भावाच्या बायकोच्या बाजूने जाते."

"मग त्या लोकांचं काय?" मी म्हणालो.

"कोणत्या लोकांचं?" त्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

मला लगेच साखऱ्याला जायला हवं होतं. मी गेलो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही एक-दोन दिवस नाही. सोयाबीनची कापणी चालू होती, त्यात फोटोला कोण येतंय, दुकान रिकामं होतं. जायला अडचण अशी काही नव्हती. मी दुसरंच काही करत होतो. शूटिंगच्या दिवशी मी माझ्या लग्नाच्या कॅमेऱ्यानेही थोडं टिपलं होतं. ते मी शोधून काढलं. रंग बदलला, वर-खाली काळ्या पट्ट्या टाकल्या, संथ संगीत लावलं. कोपऱ्यात चॅनेलसारखं एखादं चिन्ह टाकलं आणि मालिकेतला आधीच बाहेर फुटलेला तुकडा मिळाला म्हणून दाजींना दाखवलं, तर ते दसऱ्याची वाट कशाला पाहतील? पाहतील आणि गाडीत बसतील. खोट्याने अडकलेला माणूस खोट्यानेच सुटेल, असा माझा विचार होता. काम चांगलं जमत होतं. बांगड्या फोडण्याच्या जागेपर्यंत आलो आणि तिथे हात थांबला. नटीच्या मागे, बायकांच्या गर्दीत, आक्का उभी होती. पदराचं टोक तोंडात धरलेलं. पहिली बांगडी फुटली तशी ती वळली आणि बायकांना बाजूला सारत निघून गेली. तेव्हा मी दाजींकडे पाहत होतो. ती निघून गेल्याचं मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

तिला कापून टाकणं सोपं होतं. मी कॉम्प्युटर बंद केला, दुकानाला कुलूप लावलं आणि निघालो.

दाजी ओसरीवर खाटेवर बसले होते, पाठीशी उशा रचलेल्या, फोन मांडीवर. गाव शेतात गेलेलं, दूरवर मळणीयंत्राचा आवाज. मला पाहून त्यांनी हात वर केला.

"काय मेव्हणे, तारीख लागली?"

आक्का आतून दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"तारीख न्हाई लागली दाजी. मला तारीख ठाऊकच नव्हती. मी मनानंच दसरा म्हणलो."

ते हसायला गेले आणि खोकला आला. तो थांबेपर्यंत मी उभाच होतो. मग त्यांनी विचारलं, "अन् तिरडी?"

"न्हाई त्यात."

"न्हाई म्हंजे तिसऱ्या भागात न्हाई, का कुठंच न्हाई?"

"कुठंच न्हाई. मी युनिटमधल्या माणसाला विचारलं."

त्यांनी आक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू पाहिली का मालिका?"

"न्हाई."

"तवा बी पाहिली नव्हती, आता बी पाहिली न्हाई. तवा म्हणलास येणार, आता म्हणतो न्हाई. मग आताचं काहून खरं धरू तुझं?" एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. "बहिणीनं धाडलं तुला. मला गाडीत घालायला."

"कुणी न्हाई धाडलं दाजी."

"जा. दसरा होऊ दे."

मी इथवर आलो तो एका समजुतीने, की खरं सांगितलं की सुटेन. पण माझं खरंही आता त्यांना अंदाजच वाटत होतं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. आक्का दारात रडायला लागली. दाजींनी तिच्याकडे पाठ केली. श्वास घेताना त्यांच्या गळ्याखाली खड्डा पडत होता.

मला एकच सुचलं. मी युनिटमधल्या त्या माणसाला पुन्हा फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन दाजींच्या हातात दिला.

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला.

"तिरडीवरचा," दाजी म्हणाले.

मग तो म्हणाला, "काका! मिशीवाले काका! कसे आहात?"

"हाय जिता. खरं सांगा. माझा सीन हाय का त्यात?"

"नाही काका. पुढेही येणार नाही. खोटं कशाला सांगू."

दाजींनी डोळे मिटले. मला वाटलं आता फोन ठेवतील, पण त्यांनी तोंडाजवळ नेला.

"एक सांगा. माझ्यामुळं कापला का? श्वास दिसला का माझा?"

मी खाली बसलो. इतकी वर्षं झाली. इतके दिवस रोज आम्ही त्या सीनवर बोलत होतो. त्यांना तो का पाहायचा होता, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, स्वतःला पडद्यावर पाहायची हौस. त्यांना फक्त एवढंच पाहायचं होतं, की छाती हलली की नाही.

"नाही काका," पलीकडचा म्हणाला. "श्वास अजिबात दिसला नव्हता. तुम्ही तर सगळ्यांना घाबरवलं होतं. गोष्टीसाठी कापला, तुमच्यासाठी नाही."

त्याला हे खरंच आठवत होतं, की म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला तो बोलला, मला सांगता येत नाही. मी त्याला नंतर विचारलं नाही.

दाजींनी फोन माझ्याकडे दिला. मग आक्काला म्हणाले, "पिशवी भर. अन् त्या मागच्या सीटवाल्याला सांगजो कुणी. वाया न्हाई गेलो म्हणाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नांदेडला निघालो. पुढे मी आणि ड्रायव्हर, मागे दाजी आक्काच्या खांद्यावर टेकून बसलेले. दवाखान्यात नळी घातली, पण पाणी आता पाणी राहिलं नव्हतं. ते घट्ट होऊन फुप्फुसाला चिकटलं होतं. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. म्हणाले, आधी आणलं असतं तर इतकं करावं लागलं नसतं. उशीर का झाला, असं त्यांनी विचारलं. आक्का माझ्याकडे पाहत होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "माझ्यामुळं झाला." डॉक्टरांना वाटलं असेल, घरच्या माणसाचं असंच असतं. त्यांनी मान हलवली आणि पुढचं सांगायला लागले.

ऑपरेशन झालं. दाजी घरी आले. एका बाजूचं फुप्फुस पुरतं उघडत नाही, आणि आता उघडणार नाही. ओसरीपासून चौकापर्यंत गेले की ओट्यावर बसावं लागतं. तो आवाज गेला. आता त्यांना ऐकायचं तर जवळ जावं लागतं. ते मला कधी काही म्हणाले नाहीत. आक्काही म्हणाली नाही, पण पूर्वी मी गेलो की ती आधी चहा टाकायची आणि मग काय काम काढलं ते विचारायची. आता आधी विचारते.

ग्रुपमधून बाहेर पडावं असं मला वाटलं होतं. पडलो नाही, गप्प राहिलो. कुणी विचारलं तरी उत्तर दिलं नाही. या पंधरवड्यात मालिकेची पुन्हा चर्चा उठली. कुणीतरी आणखी एक फोटो आणला होता. पुन्हा तेच प्रश्न, भाग किती, म्हैस आहे का, आणि भाऊ कुठे गेले. दुपारी दाजींचा फोन आला. श्वास घेत घेत बोलत होते.

"तू काहून गप्प?"

"मला काही माहीत न्हाई दाजी."

"मग माहीत न्हाई असं लिही ना. तू गप्प बसला की लोकायला वाटतं तुला सगळं ठाऊक हाय, अन् ते वाट पाहत बसतात."

मी लिहिलं. "मालिका कधी येणार, त्यात काय असणार, मला माहीत नाही. आधी जे सांगितलं होतं ते माझ्या मनाचं होतं. बाजारातली गर्दी कमी केली आहे असं कळलं, तेही नक्की नाही." एवढं लिहायला मला दसऱ्याचा अंदाज लिहिण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

पहिलं उत्तर लगेच आलं. "भाऊला आतून कळलंय. सांगू नका म्हणून दम दिला असंल त्यायला." त्याखाली हसरे चेहरे. मग म्हशीवाला. "म्हंजे म्हैस पक्की. भाऊ लपवून राहिले."

मी पुन्हा लिहिलं, "खरंच माहीत नाही." त्यावर आणखी हसरे चेहरे.

ते सगळं दाजीही वाचत असणार, हे माझ्या लक्षात आलं. मोटारसायकल काढली आणि साखऱ्याला गेलो. आक्का अंगणात होती.

"काय काम काढलं?"

"दाजीला सांगायला आलो. मला काही माहीत न्हाई म्हणून."

"ते लिहिलं ना तू. त्यायनं वाचून दाखवलं मला."

"तरी सांगतो."

तिने ओसरीवरच्या खाटेकडे हात केला आणि म्हणाली, "जवळ जाऊन सांग. अन् मोठ्यानं बोलू नको, आत्ताच डोळा लागला त्यायचा. उठेपर्यंत बस."

मी खाटेजवळ खाली बसलो. दाजी उशांना टेकून बसल्या बसल्या झोपले होते. छाती हलताना दिसत होती. मी तीच पाहत बसलो.